पाचवा नारळ

पारशिवनीत विनाकारण पायी चालणं सोपं नाही. रस्ते बरे आहेत, झाडीही अजून शिल्लक आहे, पण गावाचा चांगुलपणा आड येतो. सकाळी प्रसन्न मनानं घराबाहेर पडावं, वस्ती मागे टाकावी, बांधावरच्या ओल्या गवताचा वास नाकाशी पोचतो न पोचतो तोच मागून मोटारसायकल येते आणि शेजारी थांबते. "बाई, बसा ना जी मागं. कुठी सोडू?" कुठंच नको रे, मी अशीच चालते आहे, असं सांगितलं की त्या पोराच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटते ती पाहून आपणच काहीतरी लपवतो आहोत असं वाटू लागतं. तो गाडी बंद करतो. "अशीच म्हंजे?" कधीकाळी सातवीत मी त्याच्याकडून 'सकाळची रपेट' असा निबंध लिहून घेतलेला असतो, त्यात त्यानं पानापानावर दवबिंदू चमकवलेले असतात आणि मी त्याला दहापैकी आठ गुण दिलेले असतात. पण निबंध वेगळा आणि पारशिवनी वेगळी. आमच्याकडे पायदळ चालणाऱ्याचं काहीतरी बिघडलेलं असतं : गाडी, तब्येत, नाही तर घरात कोणाशी तरी. "डॉक्टरनं सांगितलंय" म्हटलं की मात्र तत्काळ सुटका होते. "शुगर हाये का?" तो समाधानानं विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता निघून जातो. संध्याकाळपर्यंत माझी शुगर गावभर झालेली असते.

हाच मुलगा महाशिवरात्रीला मला घोगऱ्याच्या वाटेवर भेटतो. घोगरा महादेव आमच्या हाकेच्या अंतरावरचा देव. तिथं पेंच नदीनं खडकात रांजणखळगे कोरून ठेवले आहेत. एकेका खळग्यात एखादा गोटा धरून तो गरगर फिरवत, शेकडो-हजारो वर्षं, कुठलीही घाई नसल्यासारखी ती बसली होती. त्या दिवशी मी अनवाणी असते, धुळीनं भरलेली असते, चेहरा उन्हानं लालबुंद झालेला असतो. कोणी थांबून विचारावं अशी अवस्था खरं तर तेव्हा असते. पण तो बाजूनं हळूच गाडी काढतो, हॉर्नसुद्धा वाजवत नाही, चालत्या गाडीवरून एक हात कपाळाला लावतो आणि जातो. चालणं तेच, पाय तेच, नसलेली शुगरही तीच. पुढं एक देव असला की झालं.

हे काही आजचं नाही. आमच्या तालुक्याला लागून रामटेक आहे, आणि निमित्त म्हणून रामटेकाइतकं उपयोगी पडलेलं दुसरं गाव महाराष्ट्रात नसावं. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास गुजरातेत भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव वडिलांपाशी हट्ट धरून बसला : मला रामयात्रेला जायचंय, रामटेकला. प्रधानाच्या मुलानं 'मला घर सोडून चालत सुटायचंय' असं म्हटलं असतं तर वैद्य बोलावला असता. रामयात्रा म्हटल्यावर नाही-हो करत परवानगी मिळाली, वर सोबत माणसंही मिळाली. ती त्यानं वाटेत मागे फिरवली, आणि रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या समोर येऊन थांबला. आपले चक्रधरस्वामी ते हेच. रामटेक त्या खेपेला राहूनच गेलं. पुढं त्यांनी आयुष्यभर जे केलं ते मुख्यतः चालणं. म्हाइंभटांचं लीळाचरित्र वाचताना आपणही एका गावाहून दुसऱ्या गावाला जात राहतो आणि मधूनच कुठल्या तरी देवळाच्या ओट्यावर टेकतो. आपल्या नावावर कोणी घर सोडून भलतीकडेच गेलं याचा रामाला राग आला असेल असं वाटत नाही. वनवासाला निघताना त्याच्याही हाती एक निमित्त होतंच.

आणि त्याच टेकडीवरून, म्हणजे ती रामगिरी होय असं महामहोपाध्याय मिराशींनी साधार मांडलं आहे त्या रामटेकवरून, कालिदासाच्या यक्षानं ढगाला अलकेला धाडलं. तरुणपणी मेघदूतातला विरह मला फार आवडायचा. गुडघे बोलू लागल्यापासून त्यातली प्रवासाची व्यवस्था आवडते. थकलास तर डोंगरमाथ्यावर पाय टेकव, रोडावलास तर वाटेतल्या नदीचं हलकं पाणी पी, उज्जयिनीला जायला वाट थोडी वाकडी होईल पण चुकवू नकोस. कुठं थांबायचं, कुठं गर्जायचं, कुणाच्या घराच्या गच्चीवर रात्र काढायची, सगळं ठरवून दिलेलं. इतक्या मायेनं वाट सांगणारा हा गृहस्थ स्वतः मात्र वर्षाच्या शिक्षेवर एका जागी बसून होता. वाट उत्तम सांगणारे बहुधा बसलेलेच असतात, याचा प्रत्यय मला पुढं नागद्वारीला चांगलाच आला.

नागद्वारीला जायचं ठरलं ते शेजारच्या मावशीमुळं. ही मावशी म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची, वयानं माझ्याहून थोरली, अंगानं माझ्या निम्मी. पाऊस लागला की चार महिने ती शेतात असते. रोवणा सुरू झाला की सकाळपासून सांजेपर्यंत गुडघाभर चिखलात, वाकलेली. एकदा आषाढ सरता सरता भिंतीवरून तिनं विचारलं, "बाई, नागद्वारीले चालता का जी?" बाजारातून कोथिंबीर आणू का, असं विचारावं त्या आवाजात. मी रिकामी होते, निवृत्तीचा ताजा उत्साह होता, आणि इतके दिवस मला जे हवं होतं ते, म्हणजे देवाचं नाव पुढं असलेली एक भरपूर लांब वाट, कोणीतरी भिंतीवरून हातात देत होतं.

नागद्वारी आहे मध्य प्रदेशात, पचमढीच्या डोंगरांत. सातपुड्याचं सगळ्यात उंच शिखर धूपगड, सुमारे १,३५० मीटरचं. त्याच्या अंगाखांद्यावरून उतरणाऱ्या दऱ्यांत नागदेवाची गुहा आहे. श्रावणातल्या नागपंचमीच्या सुमारास आठ-दहा दिवस ही वाट खुली होते. एरवी ते सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं राखीव रान. तिथं असं कोणी पायी हिंडू लागलं तर वनरक्षक आधी शिट्टी वाजवतील आणि मग नाव-गाव विचारतील. आमच्या पेंचचंही तेच. १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, १९९९ पासून व्याघ्र प्रकल्प. कोलितमाऱ्याच्या फाटकातून जिप्सीत बसून आत जायचं, खाली पाय टेकवायचा नाही, आणि पावसाळ्यात तर गाभाक्षेत्र बंदच. वाघाच्या घरात पाऊल ठेवायचं तर नागाची चिठ्ठी लागते. वर्षभर चिटपाखरू नसलेल्या आपल्या हद्दीतून श्रावणात अचानक हजारो माणसं 'हर हर महादेव' करत जाऊ लागतात तेव्हा त्या वाघांना काय वाटत असेल, कुणास ठाऊक. त्यांच्याकडेही थोरली वाघीण बछड्यांना सांगत असेल की घाबरू नका, विदर्भातले आहेत, आठ दिवसांनी जातात.

कारण गर्दी खरोखरच मुख्यतः विदर्भाची असते. आमची ट्रॅक्स सावनेर, सौंसर, छिंदवाडा करत निघाली तेव्हा मागंपुढं सगळ्या गाड्यांवर भगवी निशाणं आणि महाराष्ट्राचे नंबर. परासिया, तामिया मागं पडलं आणि घाट सुरू झाला. हा सगळा मुलूख आमच्या नद्यांच्या माहेरचा. कन्हान इकडचीच, पेंचही इकडचीच. ज्या पेंचेचं पाणी नवेगाव खैरीच्या धरणातून थेट नागपूरकरांच्या नळाला येतं, ती इथल्या डोंगरांत एखाद्या अवखळ पोरीसारखी कुठून तरी पळत निघते हे ठाऊक असूनही मी खिडकीतून सारखी ती कुठं दिसते का ते पाहत होते. दिसली नाही. मावशी माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली होती, तोंड थोडं उघडं, मांडीवर पिशवी.

त्या पिशवीबद्दल सांगायला हवं. पुण्याच्या मुलानं मला पाठीवरची सॅक, घडी होणारी काठी आणि पाणी न शिरणारे बूट पाठवले होते. सॅकला इतके पट्टे होते की ती चढवणं हाच एक लहानसा चढ होता. छातीशी एक चाप, कमरेशी एक चाप. ते सगळे लावून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला कोणीतरी कुठंतरी पार्सल करून पाठवतंय असं वाटलं. मावशीकडं लग्नात मिळालेली कापडी पिशवी होती. तीत तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, अंगावर घ्यायला प्लास्टिकचा तुकडा, आणि तळाशी काहीतरी गोल, जड. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "राहू द्या जी." मग तिनं माझा बूट हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. मी सांगितलं, यात पाणी जात नाही. तिनं विचार केला आणि म्हणाली, "अन् वरतून गेलं तं निघंन कुठून?"

या प्रश्नाचं उत्तर त्या बुटाच्या खोक्यावर कुठंच छापलेलं नव्हतं.

पचमढीहून गाडीनं जलगलीपर्यंत जाता येतं, तिथून पाय. किती चालायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी म्हणे जाऊन-येऊन बारा किलोमीटर, कोणी म्हणे सोळा, आणि म्हातारी माणसं किलोमीटर मोजतच नाहीत. ती म्हणतात सात पहाड. यातलं शेवटचंच माप खरं, कारण सोळा किलोमीटरमधला एखादा किलोमीटर मनातल्या मनात वजा करता येतो, पहाड वजा करता येत नाही. पहिला काही वेळ आम्ही सगळे फार बोललो. गावच्या गोष्टी, पावसाची गोष्ट, सोयाबीनचा भाव. मग चढ लागला आणि वाक्यं आखूड झाली. आधी विशेषणं गळली, मग क्रियापदं. दुसऱ्या पहाडावर आमच्या संपूर्ण तांड्याची मराठी "हं" आणि "बाप्पा" एवढ्यावर आली होती, आणि आश्चर्य म्हणजे तेवढ्यात सगळं भागत होतं. मी पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलं; हे आधी कोणी सांगितलं असतं तर मुलांचे बरेच तास वाचले असते.

लोक पुढं विचारतात, पचमढी कशी आहे, दऱ्या कशा आहेत, धबधबे पाहिले का. मी जे पाहिलं ते सांगितलं तर त्यांची निराशा होते. पाऊलवाट एका माणसापुरती, पुढं रांग, मागं रांग, खाली चिखल आणि वर रिपरिप. मान वर करून निसर्ग पाहायला गेलं की पाय निसटतो. म्हणून सातपुड्याच्या त्या सगळ्या वैभवातून जाताना मी तासन्‌तास पाहत होते त्या मावशीच्या टाचा. तिनं पायातले काळे प्लास्टिकचे बूट "घसरते" म्हणून पहिल्याच ओघळापाशी काढून पिशवीच्या बंदाला बांधले होते. टाचांना भेगा होत्या, आणि प्रत्येक भेगेत गेल्या आठवड्याच्या रोवण्याचा चिखल सुरमा भरावा तसा बारीक बसलेला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, त्यांना लावलेली हळद पावसानं थोडीथोडी वाहून पिवळी रेघ घोट्यापर्यंत आली होती. डाव्या पायात एकच तोरडी. उजवी टाच सरळ पडे, डावी किंचित बाहेर. टाच दगडावर टेकायच्या आधी बोटं दगडाला विचारून घेत : धरशील ना? दगड हलला तर पाऊल तिथून निमूट उठे आणि शेजारच्याला विचारे. चाळीस वर्षं शेजारी राहून मला मावशीचा आवाज, तिचा राग, तिच्या घरच्या फोडणीचा वास ठाऊक होता. ती डावा पाय जपून टाकते हे मला ठाऊक नव्हतं.

माझ्या बुटात तोवर पाणी शिरलं होतं. वरून. आणि ते निघायला कुठंच वाट नव्हती.

चढावर शरीराचं मग काय काय होतं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. पोटऱ्या, श्वास, कानात वाजणारी स्वतःची नाडी, हे ज्याचं त्याला कळतं. मनाचं काय होतं ते जास्त गमतीचं. आधी ते मावशीवर चिडतं, मग पुण्याच्या मुलावर, मग कालिदासावर. मग चिडायला जिवंत माणसं संपली की जुनी उकरून काढतं. तिसऱ्या की चौथ्या पहाडावर माझ्या सासूबाई आल्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण आल्या त्या लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून, तशाच. नवी सून म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला गेले होते. बंडी जुंपली होती. आत लेकरं, शिदोरी, कडब्यावर टाकलेलं गोधडं आणि एका कोपऱ्यात नवं लुगडं सावरत मी. सासूबाई बंडीच्या मागून पायी. बैलांना ओझं होतं म्हणून. जरा चढ आला आणि त्यांनी मागून मलाही खाली उतरायला लावलं. मी उतरले, पण चेहऱ्यावर जे दिसायचं ते दिसलं असणार. तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून वं, बैलाहून नाजूक हाये का तुहे पाय?" बंडीतली लेकरं हसली. मी ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. दागिन्यासारखं अधूनमधून काढून, पुसून परत ठेवलं होतं. आता त्या चढावर त्याला द्यायचं चोख उत्तर एकदाचं सुचत होतं, पण त्या उत्तरात तीन उपवाक्यं होती आणि माझ्याकडं श्वास एकाच शब्दाचा होता. भांडायलाही दम लागतो. मी उत्तर अर्ध्यावर सोडलं. पुढं थोडं सपाट आलं तेव्हा ते पुन्हा हाती घ्यायला गेले, तर सापडेना. सापडला तो त्या रात्रीचा परतीचा प्रवास : मी बंडीत झोपलेली, आणि चाकांच्या आवाजामागून अंधारात येणारी त्यांच्या जोडव्यांची टकटक. परतीला त्यांनी मला उतरवलं नव्हतं. स्वतः मात्र पारशिवनीपर्यंत चालत आल्या होत्या.

वाटेवर खोटं बोलण्याची मोठी परंपरा आहे. परत येणारा प्रत्येक माणूस चढणाऱ्याला सांगतो, "आलंच. हे वळण गेलं की झालं." टपरीवर बसलेले सांगतात, "इथंच तं हाये." यक्षाचे हे सगळे वंशज. कोणाचंच वळण खरं निघत नाही आणि कोणाचा राग येत नाही, कारण सांगणाऱ्याच्या डोळ्यांत असं काही असतं की खरं अंतर त्यानं आपल्यापासून जाणूनबुजून झाकून ठेवलंय हे कळतं. एक चष्मेवाला तरुण मात्र मोबाइल पाहून म्हणाला, "काकू, अजून निम्मं पण नाही झालं." त्याच्याभोवती असा शांतपणा पसरला की त्यालाच अवघडल्यासारखं झालं. मावशीनं त्याला एक पुरी दिली. असं वागणारा मुलगा नक्कीच उपाशी असणार, असा तिचा कयास.

उपाशी मात्र कोणालाच राहता येत नाही. काजरीला, पद्मशेषाला, जिथं जरा सपाट जागा आहे तिथं आपल्याकडच्या मंडळांचे भंडारे लागलेले. ताडपत्रीखाली चुली, धूर, भिजलेली लाकडं, आणि ओल्या कपड्यांत वाढणारी पोरं. "गाव कोनतं?" एकानं पत्रावळ देता देता विचारलं. पारशिवनी म्हटल्यावर "मंग आपलेच!" म्हणून त्यानं पुऱ्यांचा ढीग घातला. तो सावनेरकडचा निघाला. माझ्या पुढच्या बाई उमरेडच्या होत्या, त्याही आपल्याच निघाल्या; मागचा अमरावतीकडचा, तोही. घरून निघून, राज्य ओलांडून, पहाडामागून पहाड चढून, सावनेरच्या माणसाच्या हातची भाजी खायची. सावनेर आमच्यापासून बसनं तासाभराचं, पण तिथं मला असं कधी कोणी जेवायला बसवलं नव्हतं. बसवायला काही कारणच पडलं नव्हतं.

आणि ढग. आषाढाच्या पहिल्या दिवशी रामटेकहून निघालेला तो दूत एव्हाना हिमालय ओलांडून अलकेला पोचायला हवा होता. तो इथंच होता. झाडांत गुंतलेला, शिड्यांवर बसलेला, भंडाऱ्याच्या ताडपत्रीत शिरून भाजीचा वास घेत असलेला. थकलास तर डोंगरावर टेक, असं सांगितलं होतं यक्षानं. एवढीच सूचना त्यानं मनावर घेतलेली दिसत होती. तिकडं अलकेत यक्षाची बायको बिचारी दिवस मोजत असेल. पण ढगाकडं पाहून त्याला दोष द्यावासा वाटेना. लांबच्या वाटेनं निघालेल्याला निरोप पोचवायची घाई कुठून असणार?

उभ्या कड्यांना लोखंडी शिड्या लावल्या आहेत. त्या चढताना मावशीची पिशवी मी घेतली, आणि तळाचा तो गोल जड पदार्थ माझ्या बरगड्यांवर आपटत राहिला. मग ती गुहा. काजरी गावाची एक गोष्ट वाटेवर सांगतात. काजरी नावाची एक बाई होती, मूलबाळ नव्हतं. मूल झालं तर नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन असा नवस ती बोलली. मूल झालं. ती काजळाची डबी घेऊन फेडायला गेली, तर देव प्रकटला तो आपल्या खऱ्या, अक्राळविक्राळ रूपात, आणि ते पाहून तिनं तिथंच प्राण सोडला. गावाला तिचं नाव राहिलं. डोळे केवढे आहेत ते देवानं नवस ऐकतानाच सांगायला हवं होतं, असं मला वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं. मावशी म्हणाली, "म्हून तं सांगतो, फेडाची घाई करू नाई मानसानं." तेव्हा मला ते विनोदानं म्हटलेलं वाटलं.

गुहेत वाकून शिरावं लागतं. अंधार, शेंदूर, उदबत्तीचा कोंडलेला धूर, पाठीवर मागच्याचा हात आणि कुठून तरी "चला, चला, पुढं चला." माझा चष्मा वाफेनं पांढरा झाला. काय मागायचं ते मी पायथ्यापासून ठरवत आणलं होतं, मोठी यादी होती. पैकी एकही गोष्ट आठवेना. ओठांवर आलं ते एवढंच : आले. आणि बाहेर ढकलली गेले. सात पहाडांच्या बदल्यात एक क्रियापद. देवही बहुधा थकलेलाच असेल त्या गर्दीत. त्यालाही तेवढंच परवडलं असणार.

उतरताना गुडघ्यांनी स्वतंत्र संसार थाटला. मी आणि ते. शेवटच्या उताराला तर मावशीनं मला उलटं, पाठीकडून उतरायला लावलं, माझे खांदे धरून, आणि समोरून येणाऱ्या एका दमलेल्या माणसानं "किती दूर हाये जी?" विचारलं तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "आलंच. हे वळण गेलं की झालं." तो हसला आणि चालू लागला.

रात्री पचमढीत धर्मशाळेच्या ओट्यावर आम्ही पाय पसरून बसलो. मावशीनं पिशवीतून उरलेली चटणी काढायला हात घातला आणि आधी बाहेर आला तो नारळ. शेंडीसकट, अखंड. चढून गेलेला, उतरून आलेला. मी नारळाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. ती चटणी शोधत राहिली. मग हळूच सांगू लागली. लेकरू दीड वर्षाचं असताना ताप चढला होता, उतरता उतरेना. तेव्हा ती नागद्वारीला पाच नारळ बोलली होती, दरसाल एक. लेकरू वाचलं. त्याचं आता लग्न होऊन त्यालाच दोन लेकरं आहेत. चार नारळ तिनं सलग चार वर्षं फोडले. पाचवा राहिला आहे.

"कधीचा?"

"लय सालं झाले."

दरवर्षी पाचवा नारळ घेऊन ती सात पहाड चढते आणि दरवर्षी ऐन गुहेत तिला त्याची आठवण राहत नाही. "फोडला तं मंग घरचे सोडतीन का मले?" ती म्हणाली. "म्हनतीन, झालं ना आता तुहं देवाचं, मंग रोव रोवना." देवाला मात्र ती दरसाल सांगून येते, बाकी आहे, ध्यानात आहे. "तो बी काही मांगत नाई. त्याले बी वाटत असन, येते बिचारी." मग लोणच्याची फोड तोंडात टाकून म्हणाली, "घरी सांगू नका हं बाई."

मी घरी येऊन काही दिवस जिने उलटेच उतरले. मोटारसायकलवाल्या पोरानं लांबूनच हात जोडले. मग एका संध्याकाळी मावशीचा मुलगा भिंतीपाशी आला, बैलाला चारा टाकता टाकता सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, मायनं फोडला का जी नारळ?" मी घसा साफ केला. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेली बाई मी, म्हटलं, "अरे, गर्दी फार होती. राहून गेलं बघ."

"हाव," तो म्हणाला. "राहतेच." चाऱ्याची पेंढी त्यानं खाली ठेवली, हात झटकले. "म्हून तं यंदा दुकानात हलवू-हलवू पाह्यला अन् कमी पान्याचा देल्ला. मागच्या साली लय जड होता, वरतं नेऊन खाली आनेपर्यंत मायचा खांदा धरला होता."